थंड हवेच्या ठिकाणी घरात सौम्य मिरची कशी वाढवावी

स्कॉटलंडमधल्या एडिनबरामध्ये जुलैतही दुपारचे सरासरी तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपासच राहते, त्यामुळे तिथे मिरची अंगणात लावण्यापेक्षा खिडकीत वाढवणे शहाणपणाचे. मात्र घरातल्या मिरचीचे खरे दुखणे थंडीपेक्षा उजेडाचे आहे, कारण डिसेंबरमध्ये तिथला दिवस जेमतेम सात तासांचा असतो.

मोठ्या फळांची ढोबळी मिरची लावण्याचा मोह टाळावा. अपुऱ्या उजेडात तिची फळे भरत नाहीत. त्याऐवजी लहान फळांची गोड ढोबळी, जपानची शिशितो किंवा स्पेनमधली पाद्रोन निवडावी. पाद्रोन कोवळी असतानाच तोडावी लागते, कारण झाडावर राहिली की ती तिखट होते, आणि कोवळ्या फळांतही एखादे झणझणीत निघतेच. भज्यांसाठी भावनगरीसारखी मिरची हवी असेल तर हंगेरियन वॅक्सचे गोड वाण चालते. त्याच नावाने तिखट वाणही विकले जात असल्याने पाकीट वाचूनच घ्यावे.

बी फेब्रुवारीच्या अखेरीस, ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) सुमारे अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे. या वेळी उजेडापेक्षा ऊब महत्त्वाची असते: २५ ते २८ अंशांना बी एक ते तीन आठवड्यांत उगवते, थंड खोलीत मात्र ते कुजण्याचीच शक्यता अधिक. कोंब दिसताच हिशेब उलटतो. आता ऊब थोडी कमी चालेल, पण रोप ताबडतोब दक्षिणेकडच्या खिडकीत किंवा एलईडी दिव्याखाली रोज १४ तास ठेवावे. उजेड कमी पडला तर खोड दोऱ्यासारखे लांब, फिकट होऊन काचेकडे कलंडते, आणि असे रोप पुढे क्वचितच सावरते. रात्री पडदा ओढल्यावर काच आणि पडदा यांच्यामधली जागा खोलीपेक्षा बरीच गार होते, म्हणून कुंड्या पडद्याच्या अलीकडे, खोलीच्या बाजूला घ्याव्यात. रात्रीचे तापमान १५ अंशांखाली जाऊ न देणे बरे.

कुंडी टप्प्याटप्प्याने वाढवावी: आधी ९ सेंटिमीटरची, मग दीड-दोन लिटरची, शेवटी पाच लिटरची. लहान रोप एकदम मोठ्या कुंडीत लावले तर मुळे पोहोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते आणि मुळे कुजू लागतात. वरची दोन सेंटिमीटर माती कोरडी झाली की कोमट पाणी द्यावे. फुले येऊ लागली की पालाश (पोटॅश) जास्त असलेले, टोमॅटोसाठी मिळणारे द्रवखत पाकिटावरच्या प्रमाणात द्यावे. नत्र (नायट्रोजन) जास्त झाले तर नुसता पाला माजतो.

घरात वारा नसल्यामुळे परागकण आपोआप पुरेसे झडत नाहीत. उमललेल्या फुलाच्या देठाला दुपारी बोटाने हलकी टिचकी मारावी किंवा मऊ कुंचला आतून फिरवावा. शेजारी तिखट मिरची असली तरी यंदाची फळे त्यामुळे तिखट होत नाहीत. फरक पडतो तो त्यांच्या बियांपासून पुढे वाढणाऱ्या झाडांत.

मावा ही पानांचा रस शोषणारी बारीक कीड. घरात मावा खाणारे दुसरे किडे नसल्यामुळे तो झपाट्याने वाढतो. पानांची खालची बाजू दर आठवड्याला पाहावी, मावा दिसल्यास पाण्याच्या धारेने धुवावा आणि तरीही राहिला तर कीटकनाशक साबण फवारावा.

फळे ओढून न तोडता कात्रीने कापावीत, अन्यथा ठिसूळ फांदीच हातात येते. मिरची मुळात बहुवर्षायू असल्याने ऑक्टोबरमध्ये झाड सुमारे १५ सेंटिमीटरवर छाटून, अगदी कमी पाण्यावर, १० अंशांहून गार न होणाऱ्या उजेडाच्या खोलीत ठेवावे. जगले तर पुढच्या वर्षी ते बियांच्या रोपांपेक्षा लवकर फुलते.