जादूच्या शाळेतली फायटिंगवाली मांगा निवडताना काय बघायचं

भावा, मांगा म्हणजे जपानी कॉमिक, घ्यायच्या आधी तिचे पहिले तीन-चार चॅप्टर वाच आणि आधी एकच गोष्ट शोध, जादूला नियम हायत का. म्हणजे कोण काय करू शकतो, त्याचा त्रास काय होतो, कुठं अडतं, हे फाईटच्या आधी कळलं पायजे, नाहीतर हिरो हरायला लागला की अचानक नवीन पॉवर येते आणि सगळी मजाच जाते. कोल्हापुरात खासबागच्या मैदानात कुस्ती बघणाऱ्याला डाव माहीत असतो, म्हणूनच तो उलटवला की अंगावर काटा येतो, तसंच हे.

मग शाळा. नुसती युनिफॉर्म घालून पोरं मारामारी करणार असतील तर शाळा कशाला पायजे? परीक्षा, हॉस्टेल, मास्तरांचा पक्षपात, यातनं भांडण उभं राहिलं पायजे. 'मॅशल' बघ, २०२० ते २०२३ शोनेन जंप या जपानी मांगा साप्ताहिकात आलेली, १८ व्हॉल्यूम, सगळं जग जादूचं आणि हिरोकडं जादूच नाही, फक्त अंगातली ताकद, त्यामुळं शाळेत टिकणं हीच त्याची लढाई होते. लई भारी आयडिया हाय ही.

चित्रं पण नीट बघ. उजवीकडनं डावीकडं वाचताना फटका कुणी मारला, कुठनं आला हेच कळत नसेल तर सोडून दे. मोबाईलवर जोडपान, म्हणजे दोन पानांवर पसरलेलं एकच चित्र, आलं की फोन आडवा धर.

आणि गोष्टीतल्या स्पर्धेत हरलेल्या पोराचं पुढं काय होतं ते बघ, लेखक त्याला विसरला असेल तर मी पुढचा व्हॉल्यूम घेत नाही.