सापकांदा बघायला निघताना

नागपूरहून सापकांदा हे पावसाळी रानफूल बघायला सह्याद्रीत जायचं, तर आधी तारखा नीट ठरवा. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलं बघायला गर्दी होते ती ऑगस्टच्या शेवटापासून, तोवर याचा बहर ओसरलेला असतो. हा पहिल्या पावसाबरोबर वर येतो, त्यामुळे तिकिटं जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीची काढा. गोंदियाहून येणारी महाराष्ट्र एक्सप्रेस थेट साताऱ्याला नेते.

निघण्याआधी एखाद्या नर्सरीत अँथुरियम नाहीतर पीस लिली जवळून बघून घ्या. आपण ज्याला फूल म्हणतो ते रंगीत पान असतं, खरी फुलं मधल्या दांड्यावर, अगदी बारीक. सापकांद्यात तेच पान फण्यासारखं वाकतं, पांढरंशुभ्र, आत तळाशी जांभळट, आणि फुलं खाली दडलेली. सुरण, शेवळं, आपला धोपा म्हणजे अळू, सगळे याच कुळातले.

पिशवीत भिंग, छोटा टॉर्च आणि बसायला गोणपाट हवंच. उभ्याने बघून काही हाती लागत नाही. याचा अमेरिकेतल्या जंगलातला भाऊ जॅक-इन-द-पल्पिट. त्याच्या नर फुलोऱ्याला तळाशी बारीक फट असते, परागांनी माखलेली चिलटं तिथून निसटतात. मादीला ती फटच नसते, आत शिरलेलं चिलट बहुतेक आतच मरतं. आपल्याकडेही टॉर्च तळाशी धरून ही फट शोधा, मात्र हात न लावता.

रेनकोट, पकड असलेले बूट, मोबाइलला प्लॅस्टिकची पिशवी हे ओघानं आलंच. स्वेटर मात्र विसरू नका. नागपूरच्या उकाड्यात बॅग भरताना तो हमखास राहतो आणि महाबळेश्वरच्या पावसात हुडहुडी भरते.

मुलं सोबत असतील तर घरूनच बजावून न्या: यातलं काहीही तोंडात घालायचं नाही. पुढे येणारी लालभडक, कणसासारखी फळंसुद्धा नाहीत. कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांसारख्या स्फटिकांनी घसा जळतो. धोप्याच्या वड्यांना आपण चिंच लावतो ती याच खाजेपायी.

खुरपं घरीच ठेवा. या झाडांत कांदा लहान असताना फुलोरा नर असतो आणि कांदा पोसला की तेच झाड मादी होतं. म्हणजे जो मोठा कांदा उपटून न्यावासा वाटतो, बी धरणारी तीच. आणि घरी येऊन फोटो टाकाल तेव्हा नेमकी जागा लिहू नका, तालुका पुरे.