नदीत गरवायला स्वस्त कयाक घेताय? या चुका टाळा

कयाक घ्यायची ठरली की बहुतेकजण आधी किंमत बघतात, मग रॉड होल्डर, म्हणजे गळाची काठी अडकवायच्या जागा, किती ते मोजतात, मग रंग. ती कुठल्या नदीत आणि कुठल्या काठावरून पाण्यात उतरवायची, हा विचार कयाक घरी आल्यावर होतो. कमी पैशांत चांगली कयाक नक्की मिळते. मात्र आधी पाणी ठरवा आणि मग दुकानात जा.

संथ दिसते म्हणून संथ समजणे

ही सगळ्यांत मोठी चूक. आपल्या गोव्यातल्या मांडवी, झुआरी, शापोरा, तेरेखोल या नद्या खालच्या अंगाला खाड्याच आहेत. मांडवीत भरतीचा प्रभाव मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत जाणवतो. पाणी साधारण सहा तास चढते, सहा तास उतरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ सर्वांत जास्त, अष्टमीच्या सुमारास भांगाच्या भरतीला कमी. ज्या कयाकमध्ये तुम्ही तळ्यात आरामात बसता, तीच ओहोटीत पुलाच्या खांबाकडे ओढली जाते. त्यात दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो. उतरते पाणी पश्चिमेला आणि वारा पूर्वेला, असे दोन्ही भिडले की रुंद पात्रात आखूड, उभ्या लाटा उठतात.

म्हणून लांबीकडे नीट बघा. खारफुटीतल्या अरुंद फाट्यांत, साळ नदीसारख्या लहान पात्रात नऊ-दहा फुटांची कयाक पुरते. ती पटकन वळते आणि स्वस्तही असते. पण रुंद मांडवी ओलांडून पलीकडे जायचे मनात असेल तर अकरा-बारा फूट हवी, कारण आखूड कयाक प्रत्येक वल्ह्यागणिक नाक हलवते आणि प्रवाहाविरुद्ध माणूस लवकर दमतो. पणजीच्या बाजूला फेरीबोटी, बार्जेस आणि पर्यटकांच्या बोटी असतात. नवशिक्याने तिथून सुरुवात करू नये.

आत बसायची की वर बसायची?

वर बसायची, म्हणजे सिट-ऑन-टॉप. आपल्याकडे पाणी उबदार आहे, अंग भिजले तरी बिघडत नाही. उलटली तर ती पाण्याने भरत नाही; सरळ करून पुन्हा चढता येते. हे चढणे कमरेएवढ्या पाण्यात, सोबत कुणाला तरी घेऊन आधी शिकून घ्या.

हवा भरायच्या कयाक स्वस्त असतात आणि फ्लॅटमधल्या माणसाला सोयीच्या वाटतात. खारफुटीच्या फाट्यांसाठी मात्र मी त्या कुणालाही सुचवणार नाही. मुळांना आणि दगडांना चिकटलेल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. रोटोमोल्ड केलेल्या, म्हणजे फिरत्या साच्यात घडवलेल्या, पॉलिथिलीन प्लॅस्टिकला तिथे ओरखडा पडेल, हवेच्या कयाकला भोक पडेल.

वजनाचा आकडा अर्धाच वाचणे

कंपनीने लिहिलेली १५० किलोची क्षमता म्हणजे तुम्ही, बर्फाची पेटी, नांगर, पाणी, रॉड, पकडलेले मासे, सगळे मिळून. त्यातही दोन तृतीयांशाच्या आत राहिलेले बरे. ८० किलोचा माणूस आणि २० किलो सामान धरले तर १५० किलोची कयाक बरोबर बसते. १२० किलोवाली घेतलीत तर तळाच्या निचऱ्याच्या भोकांतून, म्हणजे स्कपरमधून, पाणी वर येईल आणि दिवसभर ओल्यात बसावे लागेल.

दुसरे वजन कयाकचे स्वतःचे. प्लॅस्टिकची फिशिंग कयाक साधारण २० ते ३५ किलो भरते. गाडीच्या टपावरून उतरवून बांधावरून पाण्यापर्यंत ती नेणार कोण? ओहोटीला तर काठ आणि पाणी यांच्यात गुडघाभर, कधी मांडीभर चिखल असतो. भरतीला सहज उतरलेला माणूस परततो तेव्हा धक्क्याच्या पायऱ्यांखाली नुसता गाळ असतो. कयाक विकत घेण्यापूर्वी आपला काठ एकदा पूर्ण ओहोटीला जाऊन बघाच.

पैसे चुकीच्या जागी घालणे

पेडलवाली कयाक बघून मोह होतो, पण पेडलचे पंख गाळात रुततात, कालवांवर आपटतात. कमी बजेटमध्ये तो विचार सोडा. रॉड होल्डर नंतरही बसवता येतात. आधी जॅकेट आणि वल्हे घ्या. जॅकेट किमान ५० न्यूटन उत्प्लावकतेचे, अंगाला घट्ट बसणारे, आणि कयाकच्या मागे बांधून ठेवायचे नव्हे तर घालायचे. आपल्या नदीत पोहत वाढलेली माणसेही हे टाळतात, याचे मला फार वाईट वाटते. ओहोटीच्या ओढीत, कपड्यांनिशी, जवळ गळ लटकत असताना पोहणे वेगळे असते.

वल्हे कयाकच्या रुंदीवरून निवडा. ८० सेंटिमीटर रुंद कयाकला २३० ते २४० सेंटिमीटरचे चालते. त्याहून रुंद असेल तर २५०. फुकट मिळणारे आखूड, जड वल्हे कयाकच्या कडेवर आपटत राहते आणि तासाभरात खांदे भरून येतात. लोक दोष कयाकला देतात.

नांगर आणि मगर

नांगराची दोरी कधीही मधोमध, बाजूला बांधू नका. ओहोटीत पाणी आडव्या कयाकवर चढते आणि ती क्षणात उलटते. दोरी टोकाशीच हवी, पटकन सुटणारी, आणि हाताशी सुरी हवी. ओढ जास्त असेल तर नांगर टाकूच नका. मच्छीमारांच्या जाळ्यांच्या खुंट्यांनाही कयाक बांधू नये. त्यावर त्यांचे पोट आहे. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, तोंडाशी मासा असतो हे खरे, पण दार उघडे असताना तिथे पाण्याची ओढ भयंकर असते. काठावरूनच गरवा.

मांडवी आणि झुआरी जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे बुटकी, हलकी कयाक घेऊन गरवायला जाऊ नये. पकडलेला मासा दोरीने पाण्यात लोंबकळत ठेवण्याची सवयही मोडा. तो बर्फाच्या पेटीत टाका. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात गरवायचे नाही. आणि पावसाळ्यात, नद्या गढूळ होऊन धावतात तेव्हा, कयाक घरीच ठेवा.

घेतल्यावर काही बिघडले तर

नाक सारखे वाऱ्याकडे वळते: पुढे वजन जास्त झाले आहे, पेटी थोडी मागे सरकवा. नाक वाऱ्यापासून दूर ढकलले जात असेल तर उलट करा.

पोटात पाणी साठते: आधी मागच्या बुचाची रबरी चकती आणि झाकणाचे रबर बघा, बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. नाही तर कयाक दोन टेकूंवर ठेवून आत थोडे पाणी ओता, ती कलती करत जा आणि बाहेर कुठे ओल येते ते पाहा. स्कपरच्या नळ्यांभोवती बारीक चीर असते, विशेषतः ट्रॉलीचे खुंट तिथे घालून कयाक ओढली असेल तर.

चीर इपॉक्सीने बुजवू नका, पॉलिथिलीनला ती धरत नाही. त्याच जातीच्या प्लॅस्टिकची काडी वितळवून वेल्डिंग करावे लागते.

जुनी कयाक घेतानाही हेच तपासा. पर्यटकांना भाड्याने दिलेली कयाक वाळूतून ओढून ओढून मागच्या टोकाला तळाशी पातळ झालेली असते. तिथे अंगठ्याने दाबा. रंग पांढुरका, खडूसारखा हाताला लागत असेल तर उन्हाने प्लॅस्टिक कमकुवत केले आहे. विकणाऱ्याला सांगा, अर्धा तास काठालगत चालवून बघतो, मग बूच उघडतो. पेलाभर पाणी निघाले तर हरकत नाही. बादलीभर निघाले तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका.