फिल्मवरची जाळी अशी गेली

मामा चंद्रपूरकडच्या भूमिगत कोळसा खाणीत आहेत. तिथे परवानगी काढून फोटो घेतले. मिथेनची भीती, म्हणून फ्लॅश नाही. बॅटरीशिवायही चालणारा पेंटॅक्स के१००० कॅमेरा, बॅटरी काढून; उजेड कमी म्हणून ४०० आयएसओची (प्रकाश-संवेदनशीलतेचा आकडा) फिल्म १६००ची धरून, उजेड फक्त टोप्यांवरच्या दिव्यांचा.

जळगावला येऊन ऐन मे महिन्यात रोल धुतला, तर मामांच्या चेहऱ्यावर भेगाळलेल्या शेतासारखी बारीक जाळी! फार हळहळलो. डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) बर्फाने २० अंशांवर आणला होता, पण नंतरचं पाणी गच्चीवरच्या टाकीतलं, कढत. त्या धक्क्याने फिल्मवरचं जिलेटिन सुरकुतलं.

दुसऱ्या रोलला डेव्हलपर, फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन), धुवायचं पाणी सगळं माठातल्या पाण्याच्या परातीत ठेवलं. तिन्ही २४ अंशांवर, डेव्हलपरमधला वेळ तक्त्याप्रमाणे कमी. आता मामांच्या भुवईवरची कोळशाची भुकटीसुद्धा दिसते. पहिली प्रिंट त्यांनाच पाठवली.