कॉलेजात धोरणचर्चा भरवताय? या चुका टाळा

उद्यान एक्स्प्रेसने बेंगळुरूला शिकायला जाणारी सोलापूरची मुलं काही कमी नाहीत. त्यातली काही क्राइस्ट युनिव्हर्सिटीत जातात. कार्मेलाइट धर्मगुरूंनी 1969 मध्ये काढलेलं हे कॉलेज 2008 मध्ये अभिमत विद्यापीठ झालं. अशा ख्रिस्ती विद्यापीठांत सार्वजनिक धोरणावर खुली चर्चा कशी होते ते पाहून आलेली मुलं सुट्टीत घरी येतात आणि म्हणतात, आपल्याकडेही असं करूया. सोलापुरात ख्रिस्ती विद्यापीठ नाही, पण मिशनच्या शाळा जुन्या आहेत, कॉलेजं भरपूर आहेत आणि सभागृहांचीही वाण नाही. तरीही बहुतेक कार्यक्रम फसतात. ठरलेल्या ठिकाणीच फसतात, म्हणून हे लिहितोय.

विषय एवढा मोठा, की उत्तर द्यायला कुणीच नाही

‘सोलापूरचा विकास : दशा आणि दिशा’ असा फ्लेक्स लागला की समजावं, दोन तास भाषणं होणार आणि पुढे काही नाही. एका ओळीत सांगता येईल आणि ज्यावर निर्णय घेणारं एखादं कार्यालय दाखवता येईल, असा प्रश्न निवडा.

पाण्याचंच घ्या. शहराला पाणी देणाऱ्या उजनी धरणाची एकूण क्षमता 117 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास, पण त्यातला निम्म्याहून जास्त साठा मृत, म्हणजे नेहमीच्या दारांतून सोडता न येणारा. म्हणून उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे वाक्य चहाच्या टपरीवरही ऐकू येतं. पण धरण काठोकाठ भरलेलं असतानाही नळाला रोज पाणी येत नाही, कारण मधल्या प्रत्येक टप्प्याचा मालक वेगळा आहे. धरणातून पाणी सोडायचं जलसंपदा खातं ठरवतं. जलवाहिनी, टाक्या आणि कुठल्या भागाला कधी पाणी सोडायचं हे महापालिकेकडे. सगळं एकाच चर्चेत घेतलं की प्रत्येक अधिकारी दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि त्यात तो खोटंही बोलत नसतो. त्यापेक्षा ‘आमच्या टाकीवरच्या भागाचं वेळापत्रक आधी जाहीर का होत नाही?’ एवढंच विचारा. त्याचं उत्तर पाणीपुरवठा विभागाच्या अभियंत्याला द्यावंच लागतं.

ख्रिस्ती संस्थांच्या हाताशी इथे एक जुनी कसोटी आहे, आणि ती फारशी कुणी वापरत नाही. पोप अकरावे पायस यांनी 1931 च्या परिपत्रकात (पोपनी साऱ्या चर्चला लिहिलेल्या शिकवणीच्या पत्रात) सांगितलं, की खालच्या पातळीवर होऊ शकणारं काम वरच्या सत्तेनं काढून घेऊ नये. आपल्याकडची 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू आहे. तिने प्रभाग समित्या आणल्या, आणि पालिकांकडे सोपवता येतील अशा 18 विषयांच्या यादीत पाणीपुरवठाही घातला. या दोन गोष्टी शेजारी ठेवून ‘हा निर्णय नेमका कुठे व्हायला हवा?’ असं विचारलं, तर चर्चेला पाया मिळतो.

ज्यांच्याबद्दल बोलायचं, तेच बाहेर

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. विडी कामगारांवर चर्चा ठेवतात. मंचावर डॉक्टर, अर्थशास्त्राचे प्राध्यापक, एखादे कामगार नेते. विडी वळणारी बाई मात्र नाही, किंवा असली तर सत्कारापुरती. सोलापुरात हे काम मुख्यतः बायकाच करतात आणि त्यातल्या बऱ्याच तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांतल्या आहेत. पान-तंबाखू घरी आणायचं, विड्या वळायच्या, मोजून द्यायच्या आणि हजारामागे मजुरी घ्यायची. देताना खराब म्हणून किती विड्या बाजूला काढल्या जातात, त्यावर त्या आठवड्याचा हिशोब ठरतो. हे मंचावरच्या कुणालाही तिच्याइतकं माहीत नसतं.

हा विषय धोरणचर्चेसाठी खरोखर उत्तम आहे, कारण इथे दोन्ही बाजू खऱ्या आहेत. तंबाखूने माणसं मरतात, त्यासाठी 2003 चा कायदा आहे. दुसरीकडे विडी कामगारांना संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा 1966 मध्येच करावा लागला होता, कारण घरबसल्या काम करणारीला मालक कोण हेच सिद्ध करता येत नव्हतं. पोप तेरावे लिओ यांचं 1891 चं परिपत्रक कामगाराच्या न्याय्य मजुरीवर बोलतं, त्यामुळे ख्रिस्ती संस्थेला हा विषय परका नाही. पण त्याचा उतारा वाचून दाखवून थांबू नका. मजुरी कशी कापली जाते ते त्या बाईला सांगू द्या.

त्यासाठी तीन गोष्टी करा. तिला तेलुगूत बोलू द्या आणि शेजारी भाषांतराला अशोक चौक परिसरातलीच एखादी विद्यार्थिनी बसवा. वेळ तिच्या कामाप्रमाणे ठेवा, कॉलेजच्या तासिकेप्रमाणे नाही. आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी द्या. प्रमुख पाहुण्यांच्या मानधनाला पैसे निघतात, तर हेही निघतात. तिला सगळ्यांसमोर बोलायची भीती वाटत असेल, म्हणजे काम बंद होईल अशी, तर नाव न घेता आधी लिहून घेऊन वाचून दाखवा. ती भीती खोटी नसते.

प्रार्थना, सत्कार, तारीख

सुरुवातीला प्रार्थना ठेवायला हरकत नाही, पण हजेरीची सक्ती नको. घटनेच्या कलम 28(3) प्रमाणे सरकारमान्य संस्थेत कुणालाही संमतीशिवाय उपासनेत बसवता येत नाही. याच्या उलट, पाहुणे काय म्हणतील म्हणून संस्थेची ओळखच लपवणं हेही बरोबर नाही. लोकांना माहीतच असतं.

शाल-श्रीफळ मंचावर नको, चहाच्या वेळी उरका. तारीख ठरवताना गुड फ्रायडे आणि उपवासकाळाचा शेवटचा आठवडा सोडा, आणि जानेवारीच्या मध्यात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेशी तर स्पर्धाच करू नका. मे महिन्यात दुपारी तीनला कार्यक्रम ठेवणाऱ्यांना काय सांगावं!

नेते आले, आणि पैसेही

अमेरिकेत करसवलत घेणाऱ्या ख्रिस्ती विद्यापीठांना 1954 पासून कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. म्हणून उमेदवार बोलवायचे तर सगळ्यांना, सारख्या अटींवर. आपला कायदा वेगळा आहे, पण सवय उचलण्यासारखी आहे. एका पक्षाचा माणूस आला तर दुसऱ्याची खुर्ची, नाव लिहून, रिकामी का होईना ठेवा. लोकसभा-विधानसभेच्या मतदानाची वेळ संपण्याआधीच्या 48 तासांत निवडणुकीशी संबंधित जाहीर सभा घेता येत नाही, तेवढं कॅलेंडर पाहून घ्या.

परदेशातलं भगिनी-विद्यापीठ किंवा चर्च खर्च देऊ करत असेल तर आधी लेखापालाला विचारा. परदेशी देणगीचा 2010 चा कायदा लागू होतो, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेली अशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. ‘त्यांच्या खात्यात घेऊ, मग इकडे फिरवू’ हे चालणार नाही.

प्रश्नोत्तरात माईक गेला की गेला

फिरता माईक देऊ नका. चिठ्ठ्या घ्या, मराठी-कन्नड-तेलुगू-उर्दू कुठल्याही भाषेत. सारखे प्रश्न एकत्र करा आणि सूत्रसंचालकाने वाचावेत. कुणी भाषण सुरू केलंच तर ‘दादा, प्रश्न कुणाला आहे?’ एवढं विचारलं की बहुतेक वेळा भागतं. अधिकारी ‘माहिती घेऊन सांगतो’ म्हणाले, तर कधीपर्यंत ते तिथेच विचारा आणि फळ्यावर लिहा.

त्या फळ्याचा फोटो काढून दुसऱ्या दिवशी त्या कार्यालयाला पत्र द्या, सोबत एकच मागणी. पोच घ्या. मुदत उलटली तर माहिती अधिकारात अर्ज टाका: दहा रुपये शुल्क, 30 दिवस. अर्ज संस्थेच्या नावाने नको. हा अधिकार नागरिकाचा आहे, म्हणून एखाद्या विद्यार्थ्याने स्वतःच्या नावाने करावा आणि आलेलं उत्तर कॉलेजच्या फलकावर लावावं.