परदेशातून गाडी आणायचीय? आधी पासिंगचं बघा, मग गाडी बघा

बाहेरून गाडी आणायची म्हटलं की माणूस आधी गाडी शोधतो, फोटो बघतो, भाव करतो, ॲडव्हान्स देतो आणि जहाज निघाल्यावर विचारतो की आता नंबर कसा मिळणार. हा क्रम पूर्ण उलटा करा. सुरुवात नंबर देणाऱ्या ऑफिसपासून करायची, कारण कस्टम्सने गाडी सोडली म्हणजे रस्त्यावर चालवायची परवानगी मिळाली असं नसतं, दोन खाती वेगळी आणि दोघांचे नियमही वेगळे. ड्युटी भरून घरापर्यंत आणलेली आणि मग नंबरशिवाय कव्हरखाली उभी राहिलेली गाडी मी बघितलीय, मालकाकडे बघवत नव्हतं.

तर पहिला प्रश्न वयाचा. अमेरिकेत तिथल्या सुरक्षा नियमांप्रमाणे न बनवलेली गाडी साधारणपणे २५ वर्षं पूर्ण झाल्यावरच सहज आणता येते, कॅनडात हीच अट १५ वर्षांची आहे. दुसरीकडे असेही देश आहेत जिथे जुनी गाडी चालतच नाही, केनियात ८ वर्षांच्या वरची नको, भारतात वापरलेली गाडी ३ वर्षांपेक्षा जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडेच हवं. आणि वय कशावरून मोजतात तेही नीट विचारा, मॉडेल इयर, पहिल्या रजिस्ट्रेशनची तारीख आणि फॅक्टरीतून बाहेर पडल्याचा महिना या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेचे २५ वर्षं बनवल्याच्या महिन्यापासून मोजतात, म्हणजे दोन महिने घाई केली तरी गाडी बंदरावर अडकते.

दुसरा प्रश्न, ही गाडी कुठल्या बाजारासाठी बनली होती? नाव तेच, रंग तोच, पण युरोपसाठी बनलेली आणि अमेरिकेसाठी बनलेली गाडी आतून वेगळी असते. युरोपच्या गाडीला कंपनीकडून सर्टिफिकेट ऑफ कन्फॉर्मिटी, म्हणजे गाडी तिथल्या नियमांप्रमाणे बनल्याचा दाखला मिळतो, चेसी नंबर देऊन मागवायचा, तो हातात असेल तर अर्धं काम झालं समजा. नसेल तर एकेक गाडी स्वतंत्र तपासून मंजूर करतात आणि त्यात वेळ, पैसा दोन्ही जातं.

लाईटचं जरा सविस्तर सांगतो कारण बहुतेक जण इथेच तपासणीत नापास होतात. डाव्या बाजूने गाड्या चालतात त्या देशातल्या गाडीचा लो बीम डाव्या कडेला थोडा वर उचललेला असतो, म्हणजे फुटपाथ आणि पाट्या दिसाव्यात म्हणून, आता तीच गाडी उजव्या बाजूने चालणाऱ्या देशात नेली की तो वर उचललेला उजेड थेट समोरच्याच्या डोळ्यात जातो. नुसता बल्ब बदलून हे होत नाही, बऱ्याच गाड्यांत अख्खा हेडलाईट बदलावा लागतो, आणि हल्लीच्या एलईडी हेडलाईटची किंमत ऐकून घ्याच आधी. अमेरिकेत मागचा इंडिकेटर लाल चालतो, युरोपात तो पिवळाच लागतो. युरोपात मागे फॉग लाईट सक्तीचा, अमेरिकन गाडीत तो बऱ्याचदा नसतोच. एक सोपी खूण लक्षात ठेवा, युरोपच्या नियमाच्या लाईटवर आणि काचेवर गोलात ई आणि आकडा असतो, अमेरिकेच्या नियमाच्या पार्टवर डॉट लिहिलेलं असतं. विकणाऱ्याकडून या शिक्क्यांचे जवळून फोटो मागवा. स्पीडोमीटर मैलात की किलोमीटरमध्ये, तेही त्याच वेळी विचारून घ्या.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर चार्जिंगचं सॉकेट बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. जपानच्या गाडीला चाडेमो, युरोपच्या गाडीला सीसीएस २, चीनच्या गाडीला जीबी-टी, आणि तुमच्याकडच्या चार्जरला ते जुळलं नाही तर प्रवासात रोजचा त्रास होतो. रेडिओही तपासा, जपानमध्ये एफएम ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होऊन ९५ ला संपतं, त्यामुळे तिथल्या गाडीच्या रेडिओवर तुमच्याकडची त्यापुढची स्टेशनं लागतच नाहीत.

हे सगळं जमतंय असं दिसलं की मग कागद. मालकीचा मूळ कागद विकणाऱ्याच्याच नावावर आहे का, गाडीवर कर्ज बाकी आहे का, चोरीची नोंद आहे का, कंपनीने दोष दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावल्या असतील (रिकॉल) तर ते काम झालंय का, हे चेसी नंबर टाकून तपासायचं. हा नंबर साधारण १७ अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. माझ्या वेळी एजंटने शून्याच्या जागी ओ टाईप केला होता, एवढ्या एका अक्षरासाठी गाडी ९ दिवस बंदरात पडून राहिली आणि त्याचं भाडं मी भरलं, तेव्हापासून मी प्रत्येक कागदावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचतो. जपानच्या देशांतर्गत गाड्यांचा चेसी नंबर मात्र १७ पेक्षा छोटा असतो, काही ठिकाणी ऑफिसचं कॉम्प्युटर तो घेतच नाही, तेव्हा आधीच सांगून ठेवा.

ज्या देशातून गाडी निघतेय तिथलं रजिस्ट्रेशन रद्द करून एक्स्पोर्टचा कागद घ्यायला विसरू नका, बऱ्याच ठिकाणी तो नसेल तर नवीन नंबर मिळत नाही. अमेरिकेतून बाहेर काढताना मालकीचे कागद आणि गाडी जहाज निघायच्या किमान ७२ तास आधी तिथल्या कस्टम्सला दाखवावी लागते.

जहाजाचे दोन प्रकार, रोरो म्हणजे गाडी स्वतःच्या चाकांवर आत चालवत नेतात, स्वस्त पडतं पण गाडीत सामान ठेवू देत नाहीत आणि गाडी चालू स्थितीत लागते. कंटेनर महाग, पण बंद आणि ४० फुटीत दोन गाड्या बसतात, मित्रासोबत वाटून घेतलं तर परवडतं. दोन्हीत टाकी जवळपास रिकामी ठेवायची. सागरी विमा काढाच, आणि जहाजावर चढवायच्या आधी चारही बाजूंनी, खालून, आतून तारखेसकट फोटो काढून ठेवा, नंतर ओरखडा कुठे आला हे सिद्ध करायला तेवढंच हातात असतं.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला नेत असाल तर गाडी धुणं हे मोठं प्रकरण आहे. चाकाच्या आत चिकटलेला चिखल, एखादं बी, रेडिएटरमधला किडा, काहीही सापडलं तर पुन्हा धुवायला लावतात. १ सप्टेंबर ते ३० एप्रिल या काळात ठरावीक देशांतून निघणाऱ्या मालावर एका दुर्गंधी किड्यामुळे उष्णतेची किंवा विषारी धुरीची (फ्युमिगेशन) प्रक्रियाही लागते. ऑस्ट्रेलियात ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे, जुन्या गाडीचे ब्रेक पॅड आणि गॅस्केट त्यात येतात, आणि तिथली आयात परवानगी गाडी जहाजावर चढायच्या आधी हातात लागते.

आता पैसे. बऱ्याच देशांत ड्युटी फक्त गाडीच्या किमतीवर नाही, तर किंमत अधिक जहाजभाडं अधिक विमा यावर लागते, आणि मग वरचा टॅक्स ड्युटी धरून झालेल्या रकमेवर. गाडी १०० ची, भाडं आणि विमा १५, झाले ११५. ड्युटी १० टक्के धरली तर ११.५, आता १२६.५ वर २० टक्के टॅक्स म्हणजे २५.३, एकूण १५१.८. यात बंदराचे चार्जेस, एजंटची फी, तपासणी, लाईट बदलणं अजून आलंच नाही. बिलात किंमत कमी दाखवा असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, कस्टम्सकडे त्यांचे स्वतःचे भाव असतात आणि दंडासकट गाडीच जप्त होऊ शकते.

कायमचं राहायला जात असाल तर ड्युटी माफ होऊ शकते. युरोपियन युनियनमध्ये साधारण अशी अट आहे की तुम्ही बाहेर किमान १२ महिने राहिलेले असावेत आणि गाडी ६ महिने तुमच्याच वापरात असावी. त्यामुळे निघायच्या आधी महिनाभर गाडी घेऊन काही फायदा नाही. विम्याचे, सर्व्हिसिंगचे, पेट्रोलचे जुने कागद जपून ठेवा, वापर दाखवायला तेच लागतात.

गाडी बंदरात लागायच्या आधीच क्लिअरिंग एजंट ठरवा आणि मूळ बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती, कुठे आहे ते माहीत करून घ्या, कारण त्याशिवाय गाडी मिळत नाही आणि फुकटचे दिवस संपले की डेमरेज, म्हणजे बंदरात पडून राहिल्याचं भाडं, रोज चढतं. सुटल्यावर गाडी चालवत नेऊ नका, टोइंगने न्या किंवा तात्पुरता नंबर आणि विमा घ्या. मग तपासणी, त्यात नापास झालात तर कारण लेखी घ्या, दुरुस्त करून पुन्हा दाखवा. नंबर मिळाल्यावर ड्युटी भरल्याची पावती फाईलमध्ये कायम ठेवा, पुढे गाडी विकताना ती दाखवावी लागू शकते, आणि ड्युटी माफ करून घेतली असेल तर युरोपियन युनियनमध्ये पहिले १२ महिने गाडी विकू नका, भाड्याने देऊ नका, वापरायलाही कोणाला देऊ नका, नाहीतर माफ झालेली ड्युटी परत भरावी लागते.