वनस्पतिविज्ञानाची पदवी, शैक्षणिक कर्ज आणि पहिल्या नोकरीचा पगार

वनस्पतिविज्ञानाची पदवी कर्ज काढून घ्यावी का, असे प्रवेशाच्या दिवसांत विद्यार्थी मला विचारतात, तेव्हा बहुतेकांच्या हातात एकच आकडा असतो: या शाखेच्या पदवीधरांचा सरासरी पगार. मीही त्याच आकड्यावर विसंबून कर्ज घेतले होते. पदवी घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही. परंतु या विषयात पगार उशिरा वाढतो आणि हप्ते मात्र लगेच सुरू होतात, हे कोणी वेळीच समजावून सांगितले असते, तर कर्जाची रक्कम मी निश्चितच कमी ठेवली असती.

पगार उशिरा वाढण्याचे कारण विषयाच्या स्वरूपातच आहे. पारंपरिक पद्धतीने संकर केल्यापासून नवे वाण शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत बहुधा 7 ते 10 वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जातो, कारण एका हंगामाच्या चाचणीवरून वाणाची पारख होत नाही. नव्या पदवीधराची सुरुवातीची वर्षे नोंदी घेण्यात, नमुने गोळा करण्यात आणि रोपांची देखभाल करण्यात जातात. कोणते वाण पुढे न्यायचे हे ठरवणारी, आणि म्हणूनच चांगल्या पगाराची, पदे सहसा पदव्युत्तर शिक्षण किंवा पीएच.डी. झालेल्यांकडे असतात.

माझी पहिली नोकरी टिश्यू कल्चर प्रयोगशाळेत, म्हणजे वनस्पतीच्या लहानशा तुकड्यापासून बाटलीत रोपे वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत होती. सकाळी मुराशिगे आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी 1962 साली प्रसिद्ध केलेल्या सूत्राप्रमाणे रोपांसाठीचे पोषक माध्यम तयार करायचे, त्याचा सामू (pH) 5.8 च्या आसपास आणायचा, 121 अंश सेल्सिअसला ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, निर्जंतुक करायचे आणि मग लॅमिनारसमोर, म्हणजे गाळलेल्या निर्जंतुक हवेच्या कपाटासमोर, बसून चिमट्याने एकेक कोंब वेगळा करून नव्या बाटलीत लावायचा, असा दिवस असे. हे काम अत्यंत नेमके आहे, कारण हात जरासा चुकला तरी चार दिवसांनी बाटलीत बुरशी दिसते. पण ते काही महिन्यांत शिकता येते, त्यामुळे त्याचा पगार तंत्रज्ञाच्या पातळीवरच ठरतो. माझ्याच वर्गातल्या एका मैत्रिणीने संख्याशास्त्राचे दोन जादा विषय घेतले होते. ती क्षेत्र चाचण्यांच्या आकडेवारीचे विश्लेषण करणाऱ्या गटात लागली आणि तिला माझ्या जवळपास दीडपट पगार मिळू लागला. आमच्या पदवीचे नाव मात्र एकच होते.

म्हणूनच सरासरीवर भिस्त ठेवू नये. पाच जणांचे पगार 2, 2, 3, 3 आणि 10 असे असतील तर सरासरी 4 येते, पण त्यांपैकी चौघांना 4 मिळतच नाहीत. मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा पगार, इथे 3, हा आकडा अधिक प्रामाणिक आहे. त्याहूनही उपयोगाचा आकडा म्हणजे ज्याच्या खाली एक चतुर्थांश पदवीधर असतात तो पगार, कारण आपण त्या गटात नसूच असे प्रवेश घेताना कोणालाही म्हणता येत नाही. शिवाय हे आकडे पदवीनंतर कितव्या वर्षीचे आहेत आणि पुढे शिकत असलेले विद्यार्थी त्यांत धरले आहेत का, हेही पाहावे. या शाखेतले पुष्कळजण पुढे शिकतात, त्यामुळे ते वगळले की चित्र बरेच बदलते.

आता कर्जाकडे येऊ. चार वर्षांच्या पदवीसाठी दर वर्षाच्या सुरुवातीला 25 असे एकूण 100 एकक कर्ज घेतले, व्याजदर 9 टक्के आहे आणि शिक्षण चालू असताना काहीच भरले नाही, तर वार्षिक चक्रवाढीने पदवी हाती येईपर्यंत देणे सुमारे 125 होते. ते 10 वर्षांत फेडायचे तर वर्षाला सुमारे 19 एकक द्यावे लागतात. शिकत असतानाच व्याज भरत गेल्यास देणे 100 राहते आणि वर्षाचे हप्ते सुमारे 15 एककांचे होतात. हप्ता हलका व्हावा म्हणून मुदत 15 वर्षे केली, तर 100 एककांवर वर्षाला सुमारे 12 द्यावे लागतात, पण एकूण परतफेड 10 वर्षांच्या मुदतीतल्या 152 वरून जवळपास 183 वर जाते. परतफेडीला मिळालेली सवलत ही बहुतेक वेळा हप्त्यापुरती असते. व्याज थांबलेले नसते. पीएच.डी.ला जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण विद्यावेतनावर खर्च भागला तरी जुने कर्ज त्या काळात वाढतच राहू शकते.

माझ्या मते, पदवी संपतानाचे एकूण देणे त्या खालच्या चतुर्थांशाच्या एका वर्षाच्या पगाराहून अधिक असू नये. तेवढ्या कर्जावरही, 9 टक्के दराने आणि 10 वर्षांच्या मुदतीत, पगाराचा सुमारे 15 टक्के भाग हप्त्यांत जातो. देणे दोन वर्षांच्या पगाराइतके झाले तर हा भाग 30 टक्क्यांवर पोहोचतो, आणि मग कमी विद्यावेतनाची पण उत्तम मार्गदर्शकाची संधी नाकारून मिळेल ती नोकरी धरावी लागते. माझ्याबाबतीत तेच झाले. वनस्पतिरोगशास्त्रात संशोधनाची जागा मिळाली होती, पण हप्त्यांमुळे मला ती सोडावी लागली, आणि तिकडे वळायला पुढे सहा वर्षे गेली.

विभागाला भेट द्याल तेव्हा हरितगृह पाहून परतू नका. मागील तीन तुकड्यांतले विद्यार्थी कोणत्या पदांवर आहेत ते विचारा आणि पदाचे नेमके नाव लिहून घ्या. विद्यार्थ्यांना हरितगृहात किंवा प्रयोगशाळेत मोबदल्याचे काम मिळते का, हेही विचारा, कारण वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षाचे व्याज फक्त 2.25 एकक आहे आणि आठवड्यातल्या काही तासांच्या कामातून ते भागू शकते. कर्ज देणाऱ्या संस्थेकडून एक गोष्ट लेखी मागा: शिक्षणाच्या शेवटच्या दिवशी एकूण देणे किती असेल.